काळी आणि पांढरी

वाचकहो, बाजारासाठी, दवाखान्यासाठी नाही तर कोर्टकचेरीसाठी तुमच्यापैकी कितीतरी जण कोल्हापूरला येत असतील. महामार्गावर उचगावच्या फाट्याशी उतरून पुढे शहरात जात असतील. पुढच्या खेपेला काम आटोपल्यावर अर्धा दिवस हाताशी ठेवा. मी तुम्हाला एक जुने गाव दाखवणार आहे. त्या गावाचे नाव सात-बारावर सापडणार नाही. पण त्याचा उदय आणि अस्त समजून घ्यायला तुमच्याइतका लायक माणूस दुसरा नाही, कारण ती गोष्ट जमिनीची आहे.

आधी उचगावाकडेच पाहू. कोल्हापूरच्या पूर्वेला शहराला अगदी लागून असलेले हे करवीर तालुक्यातले गाव. एका अंगाला पुणे-बंगळूर रस्ता, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ. घरे वाढत चालली आहेत. काल जिथे ऊस होता तिथे आज प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात. आपण शेताला काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. काळी पिकवते, पांढरी खाते. पांढरीत माणसे राहतात, चुली पेटतात, राख पडते, शेणामातीच्या भिंती पडतात आणि पुन्हा उभ्या राहतात. पिढ्यानुपिढ्या असे झाले की मातीचा रंगच बदलतो. म्हणून ती पांढरी. उचगावात आज पांढरी काळीला खात चालली आहे. पण उलटेही घडते. माणसे उठून गेली की पांढरीची पुन्हा काळी होते आणि तिच्यावर नांगर फिरतो.

माझ्या आजोळी गावाबाहेर अशी एक ओसाड पांढर होती. उन्हाळ्यात सगळे गाव तिथली माती गाड्या भरभरून शेतात नेई. खत म्हणून ती माती सोन्यासारखी. मीही लहानपणी आजोबांच्या गाडीवर बसून जात असे. खणताना मोठमोठ्या विटा निघत, आजच्या विटेच्या दुपटीच्या. त्या गोठ्यात बैलांच्या पायाखाली गेल्या. एकदा शिशाच्या चकत्या निघाल्या, काळ्या, ओबडधोबड, एका बाजूला काहीतरी उठवलेले. मामाने त्या गळाला वजन म्हणून बांधल्या आणि एकेक करून नदीत घालवल्या. कुणाला वाईट वाटले नाही. मलाही नाही. पुढे मोठेपणी ब्रह्मपुरीच्या नाण्यांची चित्रे पाहिली तेव्हा ओळख पटली आणि त्या रात्री झोप लागली नाही.

तर चला ब्रह्मपुरीला. उचगावाहून गावात येताना आधी टाऊन हॉलच्या बागेत थांबा. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेल्या या इमारतीत कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय आहे. त्याचा आरंभ १९४६ साली ब्रह्मपुरीवर झाला आणि १९४९ साली ते इथे आले. इथली सर्वांत नावाजलेली वस्तू वीतभराहूनही लहान आहे. ती एक काशाची मूर्ती आहे. दाढीवाला, उघड्या अंगाचा, एक हात वर उचललेला पुरुष. हा आपल्यापैकी कुठलाच देव नव्हे. हा ग्रीक लोकांचा समुद्राचा देव, पोसायडन. समुद्र कुठे आणि पंचगंगा कुठे! मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. मग हा देव इथे आला कसा?

टाऊन हॉलपासून वायव्येला चालत गेलात की पंचगंगेच्या काठी शिवाजी पुलाजवळ उंचवटा लागतो. तीच ब्रह्मपुरी. आज तिच्यावर घरे आहेत, त्यामुळे पाहण्यासारखे वरवर काही नाही. १९४४-४५ च्या सुमारास कोल्हापूरचे प्राध्यापक कुंदनगार यांनी इथे खणायला सुरुवात केली. पाठोपाठ १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी शास्त्रीय पद्धतीने उत्खनन केले. विहीर खणताना तुम्ही मातीचे थर पाहता ना? वर काळी, मग मुरूम, मग खडक. इथे थर निघाले ते माणसांच्या वस्तीचे. सर्वांत वर अलीकडची वस्ती, तिच्या खाली बहामनी काळातली, तिच्या खाली शिलाहारांच्या काळातली आणि तळाशी सातवाहनांच्या काळातली, म्हणजे सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीची.

त्या तळाच्या थरात पक्क्या विटांची घरे होती. पायात नदीतले गोटे घातलेले, वर कौले. एका घरात काशाच्या वस्तूंचा साठाच सापडला. त्यात हा पोसायडन, रोमहून आलेला सुरेख घडणीचा जग, आरसा आणि आपल्याकडच्या कारागिराने घडवलेला, पाठीवर माणसे बसलेला हत्तीही होता. म्हणजे परदेशी आणि देशी माल एकाच घरात नांदत होता. कोकणातल्या बंदरांत पश्चिमेकडची गलबते लागत. तिथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर येई. इकडून कापड, मिरी, रत्ने, हस्तिदंत तिकडे जाई. गांधीनगरच्या पेठेत आज जशी गावोगावची गिऱ्हाइके येतात, तशी त्या काळी या काठावर तांड्यांची वर्दळ असणार.

इथे राजे होते त्यांची नाणी सापडली आहेत, बहुतेक शिशाची. त्यांवर धनुष्यबाण आहे आणि विळिवायकुर, शिवालकुर अशी नावे आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी नावाच्या भूगोलकाराने इजिप्तमध्ये बसून जो ग्रंथ लिहिला, त्यात बालिओकुरोस नावाच्या राजाचा उल्लेख आहे. तो आपला विळिवायकुरच, असे अभ्यासक मानतात. तेव्हा मंडळी, ज्या मातीत आपण ऊस लावतो, तिच्या राजाचे नाव इजिप्तपर्यंत गेलेले होते.

या भरभराटीचा वाटा बुद्धाच्या संघाला मिळत होता. दीडशे वर्षांपूर्वी कोल्हापूर शहरातच एका जुन्या स्तूपात दगडी पेटी सापडली. तिच्या आत स्फटिकाचा करंडा होता. पेटीवर ब्राह्मी अक्षरांत एवढेच लिहिलेले की हे बम्ह याचे दान आणि ते धमगुताने करवले. ते राजे नव्हते, पदवीही नाही. वर कऱ्हाडला गेलात तर आगाशिवच्या डोंगरात साठाच्या वर लेणी आहेत. त्याच कऱ्हाडच्या पेठेने मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाला दान दिल्याचे तिथल्या दगडावर कोरलेले आहे. बैलगाडीच्या काळात एवढ्या लांब वर्गणी पाठवणारे गाव केवढे सधन असेल!

आपल्या जवळचे लेणे म्हणजे पोहाळ्याचे. चैत्रात जोतिबाला तुम्ही दरवर्षी जाता. त्या डोंगराजवळच पोहाळे गावी ही लेणी आहेत. खडक पोखरून काढलेला दालनाचा भाग, खांब, भोवती भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आणि बाजूला स्तूप. यात्रेहून परतताना जरा वाट वाकडी करा आणि एका खोलीत पाच मिनिटे बसा. भिक्षू एरवी गावोगाव फिरत आणि पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहत. पावसात फिरले तर पेरलेले तुडवले जाते, कोवळे अंकुर आणि जीवजंतू मरतात, हे त्यामागचे एक कारण. शेतकऱ्याच्या पेरणीची काळजी धर्माच्या नियमात बसवलेली होती.

पण तीन महिने बसून राहायचे तर खायचे काय आणि नेसायचे काय? याचा हिशेब नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी उषवदात नावाच्या सरदाराने तीन हजार कार्षापण ही नाणी नाशिकजवळच्या गोवर्धन गावच्या विणकरांच्या संघांकडे ठेवली. मुद्दल कधी काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातली दोन हजार नाणी महिना शेकडा एक दराने. हिशेब करा : महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. पावसाळ्यात लेण्यात राहणारे भिक्षू वीस, प्रत्येकाच्या वस्त्रासाठी बारा नाणी. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैसा न पैसा बसवलेला. आपल्या सोसायटीच्या सचिवानेही मान डोलवावी असा!

आता या हिशेबातच अस्ताचे बीज कुठे आहे ते पाहा. विणकरांचा धंदा चालतो तोवर व्याज येते. धंदा बसला की व्याज थांबते आणि व्याज थांबले की लेण्यातला भिक्षू उघडा पडतो. तिसऱ्या शतकात सातवाहनांचे राज्य मोडले. पश्चिमेकडे रोमच्या राज्यातही बंडाळी माजली आणि समुद्रावरचा पूर्वीचा व्यापार आटला. ब्रह्मपुरीची ती विटांची वस्ती ओसरली. तिच्यावर पुढे कितीतरी काळ तशी भरभराट पुन्हा दिसत नाही. तो काशाचा साठा घरातच राहिला. सोडून गेलेला माणूस तो घ्यायला परत आला नाही, एवढे त्यावरून कळते.

याहून बोलका पुरावा नाशिकलाच आहे आणि तो वाचून माझ्या अंगावर काटा आला. गौतमीपुत्र सातकर्णी हा सातवाहनांचा मोठा राजा. त्याने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी भिक्षूंना दोनशे निवर्तने शेत दिले. निवर्तन हे जमिनीचे जुने माप. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजा आणि राजमाता यांच्या नावे दुसरा हुकूम कोरला गेला. त्याचा आशय असा की पूर्वी दिलेले शेत कुणी कसत नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातली शंभर निवर्तने आता देण्यात येत आहेत.

शेत कसले जात नाही, गाव वसलेले नाही. राज्य वैभवाच्या शिखरावर असताना हे शब्द दगडावर आले आहेत. संस्कृतीचा अस्त म्हणजे काय, हे मोठमोठे ग्रंथ शेकडो पानांत सांगतात. इथे ते दोन वाक्यांत आहे. राजाने दान दिले, कागद झाला, शिक्का झाला. पण नांगर धरणारा हात नसेल तर त्या दानाचा उपयोग काय? कसणाऱ्यावाचून काळी नाही आणि काळीवाचून ना विहार, ना देऊळ, ना राजवाडा.

कुणी म्हणेल, हिंदूंनी बौद्धांना घालवले एवढीच ती गोष्ट. इतके सोपे नाही. वाद झाले, चुरस झाली, राजाश्रय एकाकडून दुसऱ्याकडे गेला, हे खरे. पण आपल्या मुलखातला पुरावा जास्त गुंतागुंतीचा आहे. सातवाहनांच्या घराण्यातल्या नागनिका राणीचा लेख जुन्नरजवळ नाणेघाटात आहे. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गाई मोजल्या आहेत. त्याच घराण्याने लेण्यांना जमिनी दिल्या. ज्या उषवदाताने भिक्षूंच्या वस्त्रांची सोय केली, त्यानेच देवाब्राह्मणांना सोळा गावे दिल्याचे कोरले आहे. सातव्या शतकात, इ. स. ६४१ च्या आसपास, चिनी यात्रेकरू ह्यु-एन-त्संग महाराष्ट्रात आला. तेव्हा त्याने शंभराच्या वर विहार आणि पाच हजार भिक्षू असल्याचे लिहिले, आणि देवळेही शंभराच्या घरात सांगितली.

फरक पडला तो मुळांमध्ये. संघ मुख्यतः पेठेच्या आणि राजाच्या दानावर जगत होता. देऊळ हळूहळू गावात शिरले. बारसे, लग्न, पेरणी, सुगी, मृत्यू, घरातल्या प्रत्येक प्रसंगाला ते जोडले गेले. पेठ उठली तरी गाव उरतो आणि गावाबरोबर देऊळ उरते. वड आणि केळ शेजारी लावली तर दुष्काळात कोण तगते, हे तुम्हाला सांगायला नको.

तरीही आपल्या भागात बुद्ध एकदम नाहीसा झाला नाही. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातला गंडरादित्य राजा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याच्या शक १०३२, म्हणजे इ. स. १११० च्या ताम्रपटात लिहिले आहे की मिरज प्रांतातल्या इरुकुडी गावी त्याने गंडसमुद्र नावाचे तळे बांधले. त्या तळ्याच्या काठी त्याने तीन देव बसवले. एक शिव, एक बुद्ध, एक जैनांचा अर्हत. तिघांच्या पूजेअर्चेसाठी जमिनी लावून दिल्या. आधी पाणी अडवले, मग देव मांडले आणि प्रत्येकाच्या नावे शेत लावले. तिन्ही देव एकाच पाण्यावर. आजच्या पुढाऱ्यांनी हा ताम्रपट एकदा वाचायला हवा.

मग देवळांचा काळ अखंड राहिला काय? तोही नाही. शिलाहारांनी खिद्रापूरच्या कोपेश्वरासारखी देखणी कामे केली. १२१२ च्या सुमारास शेवटचा शिलाहार राजा दुसरा भोज याचा देवगिरीच्या यादव सिंघणाने पराभव केला आणि ते राज्य संपले. जिंकणारा आणि हरणारा, दोघेही त्याच देवांना भजणारे. पुढे शंभर वर्षांत, १३१८ पर्यंत, यादवही गेले. अंबाबाईची मूर्ती धामधुमीच्या काळात एका घरात लपवून ठेवावी लागली. १७१५ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ती पुन्हा देवळात बसली. दगडाचे मोठे देऊळ तिला राखू शकले नाही, साध्या घराने राखले. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आणि ब्रह्मपुरीवर? तिथल्या बहामनी थरात रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या सापडल्या. राज्य बदलले, भाषा बदलली, दरबारातला धर्म बदलला. पण कुणीतरी बांगड्या करत होते आणि बायका त्या भरत होत्या. बखरीत त्यांची नावे नाहीत. मातीने मात्र त्यांची नोंद ठेवली.

बुद्धाचेही तसेच. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या तळ्यानंतर इथल्या खेड्यांतून त्याचे नाव जवळजवळ पुसले गेले होते. २१ आणि २२ मार्च १९२० ला कोल्हापूर संस्थानातल्या माणगावी परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः हजर होते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बुद्धधर्म स्वीकारला. त्यानंतर आपल्या गावागावांत बुद्धविहार उभे राहिले. या वेळी दान राजाने दिले नाही, सावकाराच्या व्याजातून आले नाही. ज्यांच्याकडे काळी नव्हती त्यांनीच घामातून वर्गणी काढली. अस्त झाला म्हणून जे आपण म्हणतो, ते कधी कधी नुसते पेरणीविना पडलेले रान असते.

आता संध्याकाळ झाली. गाडी पकडून उचगावाकडे परत फिरू. वाटेत बांधकामांचे पाये खणलेले दिसतील. जेसीबी एका दिवसात जेवढी माती उपसतो, तेवढी आजोबांच्या गाडीने दहा उन्हाळ्यांत उपसली नसती. म्हणून ही चार शब्दांची विनंती.

तुमच्या शिवारात कुठे ओसाड पांढर असेल, खापऱ्या पसरलेला उंचवटा असेल, तर त्याची माती शेतात ओढू नका. खत दुसरीकडे मिळेल. नांगराला किंवा पायाच्या खड्ड्यात रुंद विटांची भिंत, अक्षरे असलेला दगड, ताम्रपट लागला तर तो धुऊ-घासू नका, तोडू नका. जिथे मिळाला ती जागा लक्षात ठेवा, कारण जागेवाचून वस्तू मुकी होते. तलाठ्याला सांगा, जवळच्या वस्तुसंग्रहालयाला कळवा. नाणी किंवा धन सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवणे बंधनकारक आहे. सगळे सरकार गिळते या भीतीने पुष्कळ जण गुपचूप सोनाराकडे जातात आणि मोडीच्या भावाने देतात. त्याच कायद्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्कही सांगितला आहे, तो विचारून घ्या.

माझ्या मामाच्या त्या शिशाच्या चकत्यांवर कुणाचे नाव होते, ते आता कधीच कळणार नाही. एखादा राजा असेल, एखाद्या गावाचा पुरावा असेल. आम्ही त्यांना नदीत घालवले, तेही दोन-चार माशांसाठी. तुमच्या हातून तसे होऊ नये एवढ्यासाठी हे लिहिले. घरी गेलात की पोरांना एकदा काळी आणि पांढरी यांतला फरक समजावून सांगा. आणि सुट्टीत त्यांना टाऊन हॉलमध्ये न्या. तो वीतभराहूनही लहान परका देव अजून हात वर करून उभा आहे.